मदत हवी आहे : पाचवीची वजाबाकी. चाचणीचे गुण आलेत, आता नेमकं काय शिकवू?

माळावरची_बाई

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जि. प. शाळेवर आहे. पहिली-दुसरी सहकारी सरांकडे आणि तिसरी ते पाचवी माझ्याकडे, सगळी एकाच खोलीत. पाचवीत १९ मुलं.

पायाभूत चाचणी झाली, पेपर तपासले, गुण शिक्षण विभागाच्या चॅटबॉटवर भरले. गणितात निम्मा वर्ग निम्म्याच्याही खाली. कृतिआराखडा द्या म्हणून निरोप आलाय. त्यात 'उपचारात्मक अध्यापन करण्यात येईल' हे वाक्य लिहायला दोन मिनिटं लागतात. पण सोमवारी सकाळी कोणासमोर काय ठेवायचं, तिथे माझं घोडं अडलंय.

का ते सांगते. जवळपास सारखेच गुण असलेल्या तीन मुलांचे पेपर शेजारी-शेजारी ठेवले. उदाहरण होतं ४०२ − १७८. एकीचं उत्तर ३७६, दुसऱ्याचं ३२४, तिसऱ्याचं २७४. तिघांनाही शून्य गुण. पण तिघांचा घोटाळा एकच असेल असं मला वाटत नाही. चौथा एक आहे, त्याचं ५२ − २७ बरोबर आलंय, पण समासात ५२ रेघोट्या मारून त्यातल्या २७ खोडल्यात. त्याला पूर्ण गुण! त्याला येतं म्हणायचं की नाही?

अडचणी अशा : दिवाळीनंतर बरेच पालक ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही सोबत जातात. म्हणजे खरा वेळ दिवाळीपर्यंतचाच. पुस्तकात अपूर्णांक, दशांश वाट बघत बसलेत. आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिला तर पुनर्परीक्षा, त्यातही राहिला तर पुन्हा पाचवीच.

एकटीने, तीन वर्ग सांभाळून, हे कसं करता येईल? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. 'मुलांना गणिताची गोडी लावा' छापाचे सल्ले कृपया नकोत, ते शिक्षण परिषदेत दर वेळी मिळतात.

फळ्यावरचा_खडू

ताई, अर्धं निदान तुम्ही करूनच ठेवलंय.

३७६ वाली प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करते. ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. कुठून काय काढायचं हा प्रश्नच तिच्यापुढे नाही. तिच्या लेखी ती तीन सुटी गणितं आहेत.

३२४ वाल्याला 'शून्याचे नऊ होतात' एवढं पाठ आहे. १२ मधून ८ गेले ४, ९ मधून ७ गेले २, इथवर बरोबर. पण ते नऊ आले कुठून हे माहीत नाही, म्हणून शतकाचे ४ तसेच राहिले.

२७४ वाल्याने दशकात शून्य बघितलं आणि सरळ शतकाचं दार ठोठावलं. शतक फोडला, एककाला दहा दिले, उरलेले नव्वद वाटेत गायब. मग दशकाच्या घरात ० मधून ७ जाईनात, तेव्हा उलटं करून ७ लिहिले.

ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली शाळकरी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांची यादीच केली होती. त्यांचं म्हणणं असं की मूल बहुतेक वेळा अंदाजपंचे लिहीत नाही, एक चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतं. तो नियम सापडला की काय शिकवायचं ते आपोआप कळतं.

तेव्हा नवी मोठी चाचणी घेऊ नका. पाचच उदाहरणं द्या, पण आकडे विचार करून निवडा : ५८ − २३, ५२ − २७, ३५० − १२८, ४०२ − १७८, ६०० − २४७. पहिल्यात हातचा नाही, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात वर एककाला शून्य, चौथ्यात मधे शून्य, पाचव्यात दोन शून्यं. तिसऱ्याचं उत्तर २३८ आलं तर ती तुमची ३७६ वालीच. २३० आलं तर 'शून्यातून काही जात नाही म्हणून शून्यच' हा वेगळा प्राणी. एकच चूक दोनदा दिसली तरच तिला नियम समजा, एकदाच दिसली तर ती घाई.

रेघोट्यावाल्याला 'येतं' म्हणू नका. ४०२ रेघा मारायला समास पुरणार नाही. त्याला वजाबाकी म्हणजे काय ते कळलंय, दशक कळलेला नाही.

माजी_केंप्र

खडू सरांच्या यादीच्या आधी एक पायरी हवी. मूल संख्या तरी ओळखतं का ते बघा. 'असर' या गावोगाव मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीची चाचणी २००५ पासून चालू आहे, तिची गणिताची चढण साधी आहे : एक अंकी संख्या ओळखणं, मग दोन अंकी, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी भागिले एक अंकी. एकेका मुलाला जवळ बसवून, तोंडी. काही मिनिटांचं काम आहे आणि लेखी पेपरात न दिसणारं बरंच त्यात दिसतं.

जोडीला दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या. सत्तावन्न सांगितल्यावर ७५ लिहिणारी आणि एकोणसाठला ६९ लिहिणारी मुलं पाचवीतही निघतात. आपल्याकडे उच्चारात एकक आधी येतो, लिहिताना दशक आधी, आणि एकोण म्हटलं की आणखी घोळ. याच कारणाने २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पर्यायी रीत दिली, त्यावर किती रण माजलं ते आठवत असेलच. मी त्या वादात शिरत नाही. पण ज्याला सत्तावन्न लिहिता येत नाही त्याच्यापुढे हातच्याची वजाबाकी ठेवून उपयोग नाही.

आता गट. तुमच्याकडे तिसरी ते पाचवी एका खोलीत आहे याला अडचण म्हणू नका, हीच तुमची सोय आहे. रोज एक तास इयत्ता विसरा. संख्या न ओळखणारी एकीकडे, दशक न कळलेली दुसरीकडे, शून्यापाशी अडलेली तिसरीकडे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं शाळेच्याच वेळेत दिवसाला सुमारे दोन तास वेगळी घेऊन वस्तीतल्या तरुण मुली त्यांना पायाभूत गोष्टी शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी त्याची रीतसर पाहणी केली, फायदा स्पष्ट दिसला. त्या मुली बी.एड. नव्हत्या हे लक्षात घ्या. तुमच्या गावात बारावी झालेली एखादी मुलगी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा.

शंकासुर

गट पाडले की 'ढ'ची बाकं तयार होतात. मी स्वतः त्या बाकावर बसलोय, वर्षभर कोणी उठवलं नाही. आणि पाचवीच्या मुलाला तिसरीच्या पोरांत बसवायचं? घरी जाऊन काय सांगेल तो?

शिवाय चाचण्या वाढवून काय होतं? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलांना तपासून नोंदी ठेवणं, आलं तेव्हा नोंदवह्या भरून भरून मास्तरांची बोटं झिजली. पोरांना काय मिळालं?

माजी_केंप्र

दुसऱ्या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्याला पुरावाही आहे. हरियाणात २०१२-१३ च्या सुमारास हेच तपासलं गेलं. काही शाळांत सातत्यपूर्ण मूल्यमापन, काही शाळांत रोज एक तास स्तरानुसार गट. नुसत्या मूल्यमापनाने मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही, स्तरानुसार तासाने पडला. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो तास हिंदीचा होता, गणिताचा नव्हता. तरी मुद्दा तोच : नोंद केल्यावर उद्याचा तास बदलणार नसेल तर ती नोंद नकोच.

फळ्यावरचा_खडू

शंकासुर, पहिला मुद्दाही खोटा नाही. वर्षभर कोणी उठवलं नाही, दुखणं तिथे आहे. गट कामाचा असावा, मुलाचा नाही. 'दशकाचा कोपरा', 'शून्याचा कोपरा' अशी नावं द्या, दर शुक्रवारी माणसं हलली पाहिजेत. वजाबाकीत अडलेला पोरगा पाढ्यांत तिसरीच्या पोरांना शिकवू शकतो, तिथे त्याला उभा करा. आणि हा गट फक्त त्या एका तासाचा. बाकी दिवसभर अपूर्णांक सगळ्यांना एकत्र. भाकरीचा चतकोर समजायला हातच्याची वजाबाकी लागत नाही.

मोळीवाली

उशिरा येतेय, पण 'काय द्यायचं' यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

खराट्याच्या काड्या तोडून आणायला लावा. दहांची मोळी, रबर लावून. अशा दहा मोळ्यांचा एक गठ्ठा. हे मुलांनीच बांधायचं, आयतं देऊ नका. गठ्ठे बांधतानाच अर्धी मुलं 'बाई, यात शंभर आहेत का?' म्हणून मोजायला लागतात, मोजू द्या.

मग समोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. 'मला एकशे अठ्ठ्याहत्तर दे.' मूल आठ सुट्या द्यायला जातं, असतात दोनच. मोळी शोधतं, मोळी नाहीच. इथे गप्प बसायचं, बाईंना हेच सगळ्यात अवघड जातं. थोड्या वेळाने ते एक गठ्ठा सोडतं, दहा मोळ्या बाहेर येतात. त्यातली एक मोळी सोडतं. आता बघायला सांगा : गठ्ठे ३, मोळ्या ९, सुट्या १२. तुमच्या ३२४ वाल्याचे नऊ कुठून आले आणि २७४ वाल्याचे नव्वद कुठे गेले, दोघांनाही तिथेच दिसतं.

बरेच जण इथे थांबतात आणि 'साहित्य वापरलं' म्हणून फोटो टाकतात. काडी आणि आकडा एकाच वेळी चालायला हवेत. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी वहीत ४ खोडून ३ आणि शून्यावर १०. मोळी सोडली की १० खोडून ९ आणि एककावर १२. दोघांची जोडी करा, एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. दोन-तीन दिवसांनी काड्या डब्यात, नुसतं चित्र : चौकोन, उभी रेघ, टिंब. मग नुसते आकडे.

३७६ वालीला मात्र थेट ४०२ देऊ नका. ५२ − २७ पासून, आणि आधी अंदाज : 'बावन्नातले पंचवीस-तीस दिले तर साधारण किती राहतील?' ४०२ मधून पावणेदोनशे गेल्यावर पावणेचारशे उरत नाहीत, हे तिला आकडेमोडीआधी खटकलं पाहिजे.

किराणा_हिशोब

मी शिक्षक नाही, दुकान आहे. शाळेत वजाबाकी न येणारी पोरं माझ्याकडे ६३ रुपयांचं सामान घेऊन शंभराची नोट देतात आणि ३७ परत आले की नाही ते बरोबर बघतात. हे कसं काय?

माजी_केंप्र

दुकानदारसाहेब, तुमचं निरीक्षण पक्कं आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही बॅनर्जी-डुफ्लो आहेत. गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करणारी मुलं तीच आकडेमोड शाळेच्या मांडणीत आली की अडखळत होती. उलट शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळत होती.

ताई, तुमच्याकडे असं एखादं मूल असेल तर त्याला पुढे मोजत जाण्याची रीत लिहायला शिकवा : १७८ ला २ मिळवले १८०, आणखी २० झाले २००, आणखी २०२ झाले ४०२. दोन, वीस, दोनशे दोन : २२४. उभ्या मांडणीचं उत्तर या रीतीने ताडून बघायचं. परीक्षेत ते खरंच कामाला येतं.

माळावरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच उदाहरणं आणि श्रुतलेखन घेतलं. पाचवीतली चार मुलं तर संख्यालेखनातच अडकलीत, पेपरात हे दिसलं नव्हतं. सगळ्यात मोठा गट दशक न कळलेल्यांचा आहे. शून्यापाशी अडलेली फक्त पाच, त्यांचं काम लवकर होईल असं दिसतंय. २७४ वाल्याला 'कसं केलंस' विचारलं तर म्हणाला, 'मधल्याकडं काहीच नाही, तो काय देणार?' बरोबरच आहे की त्याचं!

खराटा गावात सगळ्यांकडे आहे, रबर मात्र किराणा_हिशोब यांच्यासारख्या कोणाकडून उधार आणावे लागणार.

आणखी दोन प्रश्न. पुन्हा तपासायचं कधी? आणि जी मुलं कोयत्याबरोबर जातील त्यांचं काय?

मोळीवाली

दोन आठवड्यांनी, तीच रचना पण आकडे वेगळे. ४०२ ऐवजी ५०३, १७८ ऐवजी २६७. जमल्यास तुमच्या सहकारी सरांनी तपासावं, आपल्यासमोर मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतात. आणि जमलेल्यांनाही महिन्याभराने परत एकदा, कारण ३७६ सारखी सवय गेली असं वाटतं आणि सहामाहीच्या पेपरात परत उगवते.

माजी_केंप्र

जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड द्याच, ते दाखवून मूल तिकडच्या शाळेत बसू शकतं. पण त्यावर तुम्ही कितीही गुण लिहिलेत तरी कारखान्याजवळच्या शाळेतल्या मास्तरांना त्यातून काही कळत नाही. सोबत एक चिठ्ठी जोडा, दोनच ओळी : 'दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते. वरच्या संख्येत मधे शून्य आलं की शतकातून थेट एककाला देतो, मोळ्यांनी करून घ्यावं.' खाली शाळेचा फोन. आणि पोराच्या दप्तरात त्याचे गठ्ठे-मोळ्या बांधून द्या, तिकडे खराटा शोधत बसायला नको.