प्रतिसाद: जड ड्रोन, भाड्याने फवारणी आणि ‘संशोधनाची सूट’

काटोलच्या संत्राबागांत जड ड्रोनने भाड्याने फवारणी करायला संशोधनाची सूट (ड्रोनची मान्यता, नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र यांतून) चालेल, असं या चर्चेत एकाने सुचवलंय. चालणार नाही. ड्रोन नियम २०२१ मधली ती सूट संशोधन, विकास आणि चाचणीपुरती आहे, तीही ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही असं हवाई क्षेत्र), आपल्या ताब्यातल्या जागेत. दुसऱ्याच्या बागेत पैसे घेऊन उडवलं की संपली.

आधी वजन मोजा, भरलेल्या टाकीसह. समजा, रिकामं यंत्र बॅटरीसह २४ किलो आणि वर १६ लिटर द्रावण, म्हणजे साधारण ४० किलो. २५ ते १५० किलो हा मध्यम वर्ग. पायलटचं प्रमाणपत्र लहान वर्गाचं असेल तर उपयोग नाही. टाइप सर्टिफिकेटही (ड्रोनच्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) त्याच मॉडेलचं, त्याच कमाल वजनाचं हवं. मोठी टाकी नंतर बसवली की ते लागू राहत नाही. बहुतेक जण इथेच अडकतात.

तरीही केंद्राकडे सूट मागायचीच असेल, तर नेमक्या कोणत्या तरतुदीतून ते लिहा. नुसतं ‘सूट द्यावी’ हा अर्ज कमकुवतच. क्षेत्राचे अक्षांश-रेखांश, उंची, संपर्क तुटल्यावर यंत्र काय करेल, खाली मजूर नसतील याची व्यवस्था आणि विमा, एवढं जोडा.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत ग्रीन झोन २०० फूट उंचीपर्यंतच. झोनचा नकाशा उडवायच्या दिवशीच पाहा.