मदत हवी आहे: मोज्याचं टोक बोचतंय, उसवू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी. स्वेटर, कुंच्या, टोपरी पुष्कळ विणल्या, मोजे पहिल्यांदाच. लेक ऐरोलीला रात्रपाळी करते, तिथल्या एसीत तिचे पाय गारठतात. ठाण्यात लोकरीचे मोजे कशाला, हे कृपया विचारू नका. घरात विचारून झालंय.

लोकर ७५ टक्के, बाकी नायलॉन. सव्वादोन मिमीच्या सुया, ६४ टाके, वरून खाली. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर आठ-नऊ फेऱ्या होतात. टाच वळवली त्या दिवशी घणसोली कधी गेलं कळलंच नाही.

अडलंय शेवटाला. बोटांकडे टाके कमी करत दोन सुयांवर आठ-आठ उरले. स्वेटरचे खांदे जोडतो तसे मोजा उलटा करून तिसऱ्या सुईने बंद केले. आत चांगली जाड कड आली. लेक सकाळी घरी आली ती करंगळीवरचा लाल वळ दाखवतच. शिवाय टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना मांजरासारखे कान! आणि टाचेच्या बाजूने टाके उचलले तिथे तांदळाचा दाणा जाईल एवढं भोक.

दुसरा मोजा अजून सुयांवर आहे. बिनकडेच्या शिवणीचे व्हिडिओ पाहिले, पण पुढून-मागून, उलट-सुलट करताना शेजारणीने ‘कुठे उतरणार?’ विचारलं की सगळं विसरते.

प्रतिसाद १
ताई, आधी एक कबूल करा, ही शिवण लोकलमध्ये करायची नाही. घरी, दिव्याखाली, टीव्ही बंद करून.

मोजा सुलट बाजूने धरा, दोन्ही सुया समांतर, धागा मागच्या सुईच्या उजव्या टोकाशी. हातभर ठेवून कापा आणि बोथट जाड सुईत ओवा. सुरुवातीला पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुई उलट (उलटा टाका विणताना घालतो तशी), मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुलट (सुलट्या टाक्यासारखी) घाला. दोन्ही टाके सुईवरच राहू द्या. मग म्हणत जा:

पुढे: सुलट काढ, उलट ठेव.
मागे: उलट काढ, सुलट ठेव.

‘काढ’ म्हणजे टाक्यातून धागा घेऊन तो सुईवरून सोडायचा, ‘ठेव’ म्हणजे त्याच सुईवरच्या त्यानंतरच्या टाक्यातून धागा घेऊन तो तसाच ठेवायचा. धागा कायम सुयांच्या खालून न्या. मध्येच थांबायचं तर ‘ठेव’ झाल्यावर. आणि लगेच ओढू नका, चार-पाच टाके झाले की सुईच्या टोकाने एकेक सैल फेरा सारखा करा. घट्ट केलंत तर पुन्हा कड येते.

कानांसाठी: शिवायच्या आधी दोन्ही सुयांवरचा पहिला आणि शेवटचा टाका शेजारच्या टाक्यावरून उचलून टाका. आठाचे सहा होतील, कोपरा गोल येईल.

प्रतिसाद २
याला किचनर शिवण म्हणतात. तोच लॉर्ड किचनर, १९०२ ते १९०९ भारतात ब्रिटिशांचा सरसेनापती होता तो. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बोटांना शिवण बोचू नये म्हणून त्याचं नाव हिला चिकटलं, अशी कथा सांगतात. मला मात्र तिचा कंटाळा. मी आठच टाके उरेपर्यंत कमी करते आणि टोपीच्या शेंड्यासारखा धागा ओवून आवळते. दिसायला साधं, पण बोचत नाही.

प्रतिसाद ३
पहिला मोजा उसवाच. आत लपवलेलं टोक आधी सोडवा, मग बंद केलेली तेवढी ओळ उसवा. धुतलेली लोकर असेल तर टाके पटकन सुटत नाहीत, निवांत सुईवर घेता येतात. धागा अपुरा वाटला तर नवा तुकडा घ्या.

भोकाला आतून त्याच लोकरीने चारी बाजूचे फेरे गोल पकडून हलकं आवळा. दुसऱ्या मोज्यालाही तेच, त्याची टाच झालीय ना. पुढच्या जोडीला कोपऱ्यात एक टाका जास्त उचला आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर एकत्र विणा.

आणि धुताना पिळू नका. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग टॉवेलात गुंडाळून वर उभं राहायचं. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस धरून चाला, नाहीतर ओल्या मेंढीचा वास घरभर.

धागाकर्ती
काल रात्री दुसरा केला! ‘सुलट काढ, उलट ठेव’ एवढ्या मोठ्याने म्हणत होते की ह्यांनी विचारलं, कसला जप चाललाय. पाचव्या टाक्याला एकदा चुकले, परत मागे आले. कड नाही, कान नाहीत. डाव्या कोपऱ्यात एक फेरा थोडा सैल आहे, तो शेपटीच्या धाग्याने आत ओढून घेऊ का? पहिला रविवारी उसवते.

प्रतिसाद १
घ्या ओढून. पण आधी तिच्या पायात घालून बघा, मगच धागा कापा.