पावलांपर्यंत न पोहोचणारे हात

वर्षभर नियमित आसने करूनही पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकण्याच्या आसनात) हात पावलांपर्यंत पोहोचत नाहीत, मग सातत्यातून मिळाले काय, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडता आणि आदर या तीन अटी सांगितल्या आहेत (योगसूत्र १.१४), त्यांत लवचीकतेचा उल्लेख नाही, आणि आसनाची व्याख्याही ‘स्थिर आणि सुखकर’ एवढीच आहे.

मांडीच्या मागचे स्नायू झटक्याने ताणले की शरीर बचावासाठी ते उलट आखडून घेते. हळूहळू ताण देत श्वास लांबवला, तर तोच ताण सहन होऊ लागतो. सुरुवातीच्या काळात वाढलेली दिसणारी लवचीकता बरीचशी या सहनशक्तीचीच असते, स्नायूंच्या लांबीची नव्हे. मला हे उमगायला तीन वर्षे आणि एक दुखावलेली कंबर लागली (चूक अर्थातच माझ्या हट्टाची होती). त्यानंतर मात्र कोणी टोचून बोलले, तर उत्तर देण्यापूर्वी एक लांब उच्छ्वास सोडण्याची सवय नकळत जडली. घरातल्यांना हा बदल माझ्याआधी जाणवला.

खंड पडल्याचा अपराधीभाव मात्र अनेकांना अभ्यासापासून कायमचा दूर नेतो. चार दिवस चुकले, तर पाचव्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट आसने करू नयेत. दहा मिनिटे बसावे आणि नेहमीच्या क्रमाकडे परतावे.