लिस्बनला एकच दिवस: काय बघितलंत, काय सोडलंत?

भाचा माद्रिदहून परतताना लिस्बनला एक दिवस थांबणार आहे. त्याने पाठवलेली यादी बघून मलाच धाप लागली. ट्राम २८, किल्ला, बेलेंचा मठ, बुरूज, सांता जुस्ता लिफ्ट आणि रात्री फादो, म्हणजे तिथली गाणी. सगळं चढउताराचं गाव आहे हो! जाऊन आलेल्यांनी लिहा. काय बघितलंत हे सगळेच सांगतात, काय सोडलंत तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. ट्राम २८ मध्ये बसणं सोडा. पिवळ्या, जुन्या, लाकडी बाकांच्या गाड्या देखण्या आहेत, पण मार्तिम मोनिझच्या थांब्यावर दिवस वर आला की ही रांग लागते, आणि आत शिरल्यावर सगळं लक्ष पाकिटावर. त्यापेक्षा ग्रासाच्या टेकडीवर जाऊन आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून पायी उतरा. ट्राम घंटा वाजवत इतक्या जवळून जाते की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. फोटोही बाहेरूनच चांगले येतात.

मडगावकर
आम्हाला बेलें सोडणं शक्यच नव्हतं. ट्राम १५ ने गेलो. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. गामा वारला कोचीत, १५२४ साली. अस्थी नंतर पोर्तुगालात आल्या, पण या चर्चमध्ये आणल्या थेट १८८० मध्ये. कबरीच्या दगडावर जहाज कोरलंय. मठाला पैसा पुरवला मसाल्याच्या व्यापारावरच्या कराने, म्हणजे मलबारच्या मिऱ्यांचाही या दगडांत वाटा आहेच. भिंतीवर, खांबांवर दगडाचेच दोरखंड पिळलेत, ते मान वर करून नीट बघा.

बाबा पोर्तुगीज अमदानीतल्या शाळेत शिकलेले. पाट्या घडाघडा वाचत होते, पण कबरीपाशी काही थांबले नाहीत. नदीकाठच्या शोधयात्रांच्या स्मारकापाशी मात्र अर्धा तास. तिथल्या पुतळ्यांच्या रांगेत १५१० मध्ये गोवा घेणारा आल्बुकेर्क आहे आणि गोव्याचा 'सायब' फ्रान्सिस झेवियरही. बाबा म्हणाले, "आमचो सायब हांगा पावला मरे!" हे स्मारक आज दिसतं तसं पक्कं बांधलं १९६० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. बाबांना याचं भारी हसू येत होतं. बुरूज आम्ही लांबूनच बघितला, काही अडलं नाही.

नागपूरची लेक
सोबत आई-बाबा, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चौकोनी दगडांचे असतात. वापरून वापरून गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की विचारूच नका. पायात रबरी तळाचे बूटच हवेत.

चढ टाळायच्या दोन युक्त्या. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने खालच्या भागातून थेट वर शियादुला काढतात. आणि किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकेरुशवरून सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. सांता जुस्ताच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, कार्मुच्या चौकातून तिच्या वरच्या पुलावर चालत जाता येतं.

तिथवर गेलात तर कार्मुचा मठ बघाच. १ नोव्हेंबर १७५५, संतांचा सण, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाटा आल्या, मग आगी लागल्या. मठाचं छत कोसळलं ते आजही नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. आई एरवी चर्च म्हटलं की बाहेर बाक शोधते, इथे आमच्या आधी आत गेली. मात्र रविवारी बंद असतो.

सदाशिव पेठी
खाण्याचं कोणीच कसं लिहिलं नाही? न मागता टेबलावर आलेले ब्रेड, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. शाकाहाऱ्यांनो, काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप निरागस दिसतं, पण त्यात सॉसेजचे काप तरंगत असतात. बेलेंच्या टार्टमध्ये अंड्याचा बलक असतोच. ते दुकान १८३७ पासूनचं. बाहेरची रांग बघून घाबरू नका, आत बसायला भरपूर खोल्या आहेत. वरून दालचिनी भुरभुरवा. बायकोला वरचं करपलेलं आवडलं नाही, मला तेच आवडलं.

गोवेकरीण, मुक्काम लंडन
@सदाशिव पेठी, शहरात गोव्याच्या जेवणाची हॉटेलंही आहेत. शाकुती, बेबिंका सगळं मिळतं. तिखट मात्र आपल्या हिशेबाने कमीच.

ट्रान्झिटवाला
मला जेमतेम दुपार मिळाली होती. विमानतळ शहराला लागूनच आहे, मेट्रो आतूनच सुटते. किल्ला, मठ, फादो सगळ्यांवर फुली मारली. काइश दु सोद्रेहून फेरीबोट धरून पलीकडे कासील्याशला गेलो. जेमतेम दहा मिनिटं, पण अख्खं शहर समोर चढत गेलेलं दिसतं. शहराकडे तोंड केलं की डाव्या हाताला लाल झुलता पूल. तो १९६६ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या नावाने उघडला आणि १९७४ च्या क्रांतीनंतर, क्रांतीच्या तारखेवरून, २५ एप्रिलच्या नावाने ओळखला जाऊ लागला. जाताना खिडकीशी जागा नसेल तर येताना मिळवा.

आणि भाच्याचा तो दिवस सोमवार तर नाही ना? सोमवारी बेलेंचा मठ बंद असतो.