मदत हवी आहे: घरच्या आर्केड कॅबिनेटची जॉयस्टिक आणि स्पीकरचा हमिंग आवाज

मंडळी, घरी आर्केड कॅबिनेट बनवतोय, म्हणजे लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणं टाकून मुस्तफा खेळायचो ना (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा १९९३ चा), तसंच उभं खोकं. १८ एमएमचा प्लाय सुताराकडून कापून घेतलाय, आत रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) वर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, स्क्रीन जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, वाइड नको कारण हे गेम ४:३ चेच आहेत.

आता अडलंय जॉयस्टिकवर. ८-वे आहे, म्हणजे तिरक्या दिशाही धरते, मुस्तफाला मस्त चालते, पण पॅकमॅनमध्ये वळणावर जरा तिरकी गेली की खाली आणि उजवी दोन्ही स्विच एकदम दबतात आणि पठ्ठ्या भिंतीला चिकटून बसतो, भूत येऊन खाऊन जातं. जॉयस्टिकच्या खालची, दांडीची हालचाल अडवणारी चौकोनी प्लेट फिरवून ४-वे (फक्त वर-खाली-डावी-उजवी) करता येते म्हणतात, पण माझ्या प्लेटला ती सोयच दिसत नाही, मग प्लेट वेगळी मिळते का, की सरळ दुसरी जॉयस्टिक घ्यावी? पुण्यात तापकीर गल्लीत असला माल कुणाकडे बघितलाय का कुणी?

दुसरं म्हणजे छोटा अॅम्प्लिफायर पायच्याच ५ व्होल्टवर घेतलाय तर स्पीकरमधून सारखं घूंऽऽ येतं, गेम बंद असला तरी. ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओ वायरमध्ये लावायचा, असा आवाज घालवणारा छोटा डबा) लावू का अॅम्प्लिफायरला वेगळा अॅडाप्टर देऊ? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, कंट्रोल पॅनलचा फोटो असेल तर तोही टाका.