दोरी मल्लखांबाच्या प्रयोगाआधी 'ही जमीन कोणाची' असं निवेदन करावं का?

दसरंगवाला (सदाशिव पेठ)
नमस्कार मंडळी. मी पेठेतल्या एका आखाड्यात मल्लखांब शिकवतो. आमच्या मोठ्या मुलामुलींना यंदा स्पर्धेबाहेरचं काहीतरी करायचंय. पाऊण तासाचा प्रयोग, दोन दोऱ्या, एक टांगता मल्लखांब, बोलणं जवळजवळ नाहीच. विषय, धरणात गेलेली जमीन. गटातली एक मुलगी आंबेगाव तालुक्यातली, महादेव कोळी. तिच्या आजोबांची भाताची खाचरं डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहेत. विषय तिच्यामुळेच निघाला.

दिग्दर्शन करणारा माझा मित्र ऑस्ट्रेलियातल्या ना जिनांग सर्कसने भारावलाय. तिथल्या मूलनिवासी वाक्का वाक्का समाजाच्या हार्ली मान यांनी काढलेली ही मंडळी. 'ऑफ द लँड ऑन विच वुई मीट' हा त्यांचा प्रयोग मूलनिवासींच्या जमिनीशी आजच्या माणसांचं नातं काय, यावर आहे. वाघ-हत्ती नाहीत, विदूषक नाही, माणसं एकमेकांच्या अंगावर चढतात, तोलतात, पडतात. तर मित्राचं म्हणणं, आपणही पडदा उघडण्याआधी तिकडच्यासारखं निवेदन करू, की ही भूमी मुळात अमक्यांची आहे, त्यांना वंदन वगैरे.

मुलगी दोरीला लटकल्या लटकल्या म्हणाली, "सर, हॉल शनिवार पेठेत आहे. माझं खाचर तिथं नाहीये."

यावर मित्राकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. तर निवेदन करावं की नाही? आणि पिसं खोचून, चेहऱ्यावर पट्टे ओढून नाचवण्याचा तमाशा टाळून जमीन दाखवायची कशी? जाणकारांनी सांगावं.

मेलबर्नकर
निवेदनाबद्दल. इथे त्याचे दोन प्रकार असतात. त्या जागेचं यजमानपण ज्या समाजाकडे आहे, त्यांच्यातलं जाणतं माणूसच पाहुण्यांचं स्वागत करू शकतं. दुसरं नुसतं स्मरण, ते कोणीही करतं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा होतं आणि निम्मे लोक तेव्हा मोबाईल बघत असतात. तुम्ही म्हणता त्या प्रयोगाचं नाव याच स्मरणातल्या ठरलेल्या शब्दांवरून घेतलंय.

पण त्यामागे इथला इतिहास आहे. इंग्रज येण्याआधी ही जमीन कोणाचीच नव्हती असं इथला कायदा धरून चालला होता. ते इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या माबो निकालाने मोडीत निघालं. आपल्याकडे भांडण वेगळं. डिंभ्याची जमीन कोणाची होती हे सातबाऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि तरी गेली. त्यामुळे वाक्य उचलून आणाल तर त्याला काही वजन राहणार नाही.

जाता जाता, कॉन कोलियानो हे नाव शोधा. 1899 साली लिस्मोरला जन्म, मूलनिवासी वंशाचा, तारेवर पुढच्या बाजूने कोलांटी मारणारा पहिला गडी. अमेरिकेत गाजला तो स्पॅनिश बुलफायटरच्या वेशात, स्पॅनिश म्हणूनच. आज त्याच देशातली पोरं स्वतःच्या समाजाचं नाव सांगून रिंगणात उतरतात.

बोळातला
विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली सर्कस उभी केली, मल्लखांब बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत घडवला, आणि पुणेकर प्रेरणा घ्यायला मेलबर्नला. चालू द्या.

मुद्द्याचं एवढंच. आपल्याकडे दोरीवर चालायचे ते डोंबारी आणि कोल्हाटी. त्यांना जमीनच नव्हती, ना बुडायला ना वाचायला. चौकात चार काठ्या रोवल्या की ती संध्याकाळपर्यंत त्यांची जागा. दोरीचा प्रयोग जमिनीवर करताय तर ही माणसं आठवू द्या.

घोडेगावची
दसरंगवाले सर, मी त्याच भागातली. मूळ आंबेगाव गावच धरणात गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेराला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरायला लोक पुन्हा त्याच जमिनीत उतरतात, पाऊस आला की वर येतात. पण पाणी, बुडणं, निळी साडी हलवणं हे सगळ्यांनी करून झालंय. ते नका करू.

तिला पडकई विचारा. उतारावर खाचर आपोआप होत नाही, पाडावं लागतं. भावकी, शेजारी मिळून जातात, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. पहारीने धोंडा उचकटायचा, तो हातोहात खाली द्यायचा, बांध रचायचा, मागे माती ओढायची. धोंडा देणारा तो लगेच सोडत नाही. घेणाऱ्याच्या पोटाला लागला, त्याने गुडघे वाकवले, की मग सोडतो. तोंडाने कोणी काही बोलत नाही. माझी आजी हातात धोंडा यायच्या आधीच वाकायची, म्हातारपणी नुसतं पातेलं दिलं तरी तशीच घ्यायची. तुमच्या मुलांना एकमेकांचं वजन घेता येतं ना? मग पाऊण तासातली वीस मिनिटं याला द्या.

दुसरं, बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं. एप्रिल-मेमध्ये झाडावर चढून काढतात. फळ बारीक फांद्यांच्या टोकाला, म्हणजे जिथे फांदी तुम्हाला पेलत नाही तिथे. एक पाय अडकवून अंग बाहेर झोकायचं. दोरीवरच्या पोरींना हे शिकवायला नको. फक्त त्यांना सांगा की खाली गादी नसते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी पडतं.

दसरंगवाला (सदाशिव पेठ)
सगळ्यांचे आभार, बोळातल्यांचेही. काल मुलांकडून पडकई करून घेतली. धोंड्यांऐवजी आधी एकमेकांनाच हातोहात दिलं. आमच्या पोरांना सलामी, तेढी, फरारे असे मल्लखांबावरचे सगळे प्रकार येतात, पण प्रत्येकजण आपली पकड दाखवण्यात गर्क. समोरच्याने गुडघे वाकवेपर्यंत थांबणं कोणालाच जमेना. ती मुलगी तेवढी थांबत होती. आता ती शिकवतेय आणि मी टाळी देतोय.

निवेदन शनिवार पेठेत नाही. ती म्हणते घोडेगावला प्रयोग लावला तर दोन शब्द ती बोलेल, तिथे कोणाचं नाव घ्यायचं ते तिला माहीत आहे. मित्र थोडा खट्टू आहे, येईल ताळ्यावर.

हॉलवाल्यांनी स्टेजवर खरे धोंडे आणायला नाही म्हटलंय, फरशी फुटेल म्हणून. पोत्यात वाळू भरून पाहिली, पण पोतं अंगाला बिलगतं, धोंडा बिलगत नाही, सगळा तोल बदलतो. कोणाला उपाय माहीत आहे का? आणि घोडेगावच्या ताई, मे महिन्यात लोक हिरड्याला जातात, जूनमध्ये भाताची गडबड. मग तुमच्याकडे प्रयोग लावायचा तर कधी?