गावठी गुलाबाला नुसतीच पानं
दिवसभर ऊन असूनही गावठी गुलाबाला नुसती पालवीच येते म्हणताय, तर आधी छाटणीचं बघा. आमच्याकडे दसरा झाला, पाऊस पुरता थांबला की कात्री निघते. वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढायच्या. बाकीच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरक्या कापायच्या. साधारण ४५ दिवसांत फुलं धरतात. शेणखत घाला, युरिया नको, त्याने पानंच माजतात. झाड कलमी असेल तर जोडाखालून (कलम बांधलंय त्या जागेच्या खालून) आलेला धुमारा मुळाशीच तोडा. काडी लावून वाढवलेल्याला ती भानगड नाही. गुलकंदासाठी मात्र फुलं उन्हं चढायच्या आत खुडा, दुपारपर्यंत वास उडालेला असतो.